केबल बंद, डिस्कव्हरी चालू: कमी खर्चात माहितीपटांचं चॅनेल कसं बघायचं?



‘दर महिन्याचे छोटे खर्च’ या व्हिडिओत मी माझ्या दुकानाच्या केबलचा किस्सा अर्ध्यावर सोडला होता. आज तो पूर्ण सांगते. सोबत केबल न घेता डिस्कव्हरी, नॅशनल जिओग्राफिक, सोनी बीबीसी अर्थ, हिस्ट्री टीव्ही १८ यांसारखी चॅनेल किंवा त्यांचे कार्यक्रम स्वस्तात कसे बघायचे, त्याचा पूर्ण हिशोब मांडते. घरचं बिल कमी करायचं असेल त्यांच्यासाठी आहेच, पण दुकानात, सलूनमध्ये, क्लासच्या वेटिंगमध्ये टीव्ही लावायचा विचार करताय त्यांनी शेवटपर्यंत वाचाच. तिथे एक चूक आपण जवळजवळ सगळेच करतो. मीही केली होती.

आधी किस्सा

आमचं सायकल विक्री आणि दुरुस्तीचं दुकान अण्णांनी सुरू केलं. बीबीए झाल्यावर मी ते हातात घेतलं. दुकानात कोपऱ्यात एक टीव्ही, त्याला केबल. पंक्चर काढायला आलेलं गिऱ्हाईक पंधरा-वीस मिनिटं बसतं, तेवढीच करमणूक.

एका मार्चमध्ये वर्षाचा हिशोब काढायला बसले. केबलचे महिन्याला ४५० रुपये. म्हणजे वर्षाला ५,४०० आणि तीन वर्षांचे १६,२००. एवढ्यात माझा एअर कॉम्प्रेसर आला असता! शिवाय पॅकमध्ये शंभरावर चॅनेल, त्यातली बघितली जाणारी पाच. मी त्याच संध्याकाळी फोन करून कनेक्शन बंद केलं. वर व्हिडिओ पण केला, ‘खर्च कापायला हिंमत लागते’ वगैरे.

आठवडाभराने लक्षात आलं की अण्णा दुपारी दुकानात यायचे बंद झालेत. आधी रोज जेवण झालं की यायचे, दोन ते चार बसायचे, एखाद्या चाकाचा आऊट काढून द्यायचे. मी विचारलं, “अण्णा, तब्येत बरी आहे ना?” तर म्हणाले, “तब्येतीला काय झालंय. तिथं येऊन आता भिंतीकडं बघत बसू का?”

तेव्हा कळलं. दुपारी दोन तास ते डिस्कव्हरी बघायचे. जंगल, कारखाने, पूल कसे बांधतात ते. त्यांच्या त्या दोन तासांत मला मात्र एक अनुभवी कारागीर फुकट मिळत होता, आणि मला माझे वडील दिवसातून दोन तास शेजारी मिळत होते. वहीत मी फक्त ४५० चा आकडा बघितला. तो खर्च कोण वापरतं आणि त्या बदल्यात काय मिळतं, हे विचारलंच नाही.

म्हणून पहिला धडा लिहून घ्या: खर्च कापायच्या आधी विचारा, हा खर्च कोण वापरतं? उत्तर ‘कोणीच नाही’ असेल तर कापा. उत्तरात माणूस असेल, तर तीच गोष्ट स्वस्तात कशी मिळेल ते शोधा. मी तेच शोधलं. चला, एकेक पर्याय बघू.

सगळ्यात आधी ठरवा: चॅनेल हवंय की कार्यक्रम?

हा प्रश्न साधा वाटतो, पण पैसे इथेच वाचतात.

चॅनेल म्हणजे टीव्ही लावला की जे चालू असेल ते बघायचं. निवडायचं काही नाही. घरातल्या ज्येष्ठांना बहुतेक हेच सोयीचं पडतं. कार्यक्रम म्हणजे मला अमुकच भाग बघायचाय, माझ्या वेळेला बघायचाय. त्यासाठी अ‍ॅप लागतं.

डिस्कव्हरी भारतात १९९५ साली आलं, तेव्हा चॅनेल आणि कार्यक्रम एकच होतं. केबल घेतल्याशिवाय दुसरा मार्गच नव्हता. आज या दोन गोष्टी वेगळ्या झाल्यात. अ‍ॅपवर त्या कंपनीचे कार्यक्रम असतात, पण टीव्हीवरचं चॅनेल जसंच्या तसं लाइव्ह असेलच असं नाही. पैसे भरायच्या आधी हे तपासा, नाहीतर ‘यात ते चॅनेल दिसतच नाही’ म्हणून भांडण घरातच होतं.

पर्याय १: एक रुपयाही न देता

पहिलं म्हणजे यूट्यूब. पण कोणीतरी चोरून टाकलेले तुकडे नाही, अधिकृत चॅनेल. डीडब्ल्यू डॉक्युमेंटरी या जर्मन सरकारी प्रसारकाच्या चॅनेलवर पूर्ण लांबीचे माहितीपट मोफत आहेत. बीबीसी अर्थचं स्वतःचं चॅनेल आहे. हिस्ट्री टीव्ही १८ च्या चॅनेलवर ‘ओएमजी! ये मेरा इंडिया’ चे भाग हिंदीत बघता येतात. त्यात साध्या माणसांनी केलेल्या अचाट गोष्टी असतात, उद्योजकाला बघायला एकदम योग्य.

दुसरं, प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे अ‍ॅप. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फीच्या वेळी ते सुरू झालं. दूरदर्शनचा जुना खजिना आणि लाइव्ह चॅनेल यात आहेत.

तिसरं, डीडी फ्री डिश. ही दूरदर्शनची डिश सेवा २००४ पासून आहे. डिश आणि सेट-टॉप बॉक्स एकदाच घ्यायचा, साधारण दीड-दोन हजारांत काम होतं, नंतर महिन्याचं भाडं शून्य. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर नंतर मला शिव्या द्याल. डिस्कव्हरी किंवा नॅशनल जिओग्राफिक ही पैसे भरून बघायची चॅनेल आहेत, फ्री डिश त्यांच्यासाठी नाही. त्यावर डीडी भारतीसारखं कला-संस्कृतीचं चॅनेल आणि ‘स्वयंप्रभा’ची शैक्षणिक चॅनेल मिळतात. ज्या गावात इंटरनेट रडतखडत चालतं तिथे हा पर्याय वाईट नाही. पण ‘फ्री डिशवर डिस्कव्हरी लावून देतो’ असं कोणी म्हणालं, तर हात जोडा आणि दुसरीकडे जा.

पर्याय २: थेट अ‍ॅप

डिस्कव्हरीचं स्वतःचं अ‍ॅप म्हणजे डिस्कव्हरी प्लस. भारतात ते मार्च २०२० मध्ये आलं, तेव्हा वर्षाची किंमत २९९ रुपये होती. म्हणजे दिवसाला एक रुपयाही नाही! किमती बदलत राहतात, म्हणून आजचा आकडा अ‍ॅपमध्येच बघा.

नॅशनल जिओग्राफिकचे कार्यक्रम जिओहॉटस्टारवर आहेत. हे अ‍ॅप फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालं तेव्हा जाहिरातींसह मोबाइलचा प्लॅन तीन महिन्यांना १४९ रुपये होता. सोनी बीबीसी अर्थचे कार्यक्रम सोनीलिव्हवर मिळतात. आणि फक्त माहितीपटच हवे असतील तर डॉक्युबे नावाचं खास माहितीपटांचं भारतीय अ‍ॅप आहे.

अ‍ॅप घेताना तीन ठिकाणी लोक फसतात:

१. मोबाइलचा प्लॅन टीव्हीवर चालत नाही. स्वस्त दिसतो म्हणून घेतला आणि टीव्हीवर लावायला गेलं की ‘प्लॅन वाढवा’ असा संदेश. आधी ठरवा कुठे बघणार.

२. ऑटो-पे. वर्षानंतर पैसे आपोआप कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. ती येते, पण आपण वाचत नाही. मी काय करते, प्लॅन घेतला की लगेच यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटो-पे बंद करते आणि संपायची तारीख वहीत लिहिते.

३. आधीच मिळालेलं परत विकत घेणं. घरच्या ब्रॉडबँडच्या किंवा मोबाइल रिचार्जच्या प्लॅनमध्ये काही अ‍ॅप मोफत जोडलेली असतात. आमच्याच घरी असं निघालं! चार महिने आम्ही ज्या अ‍ॅपचे वेगळे पैसे भरत होतो, ते ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये होतंच. म्हणून आधी आपल्या प्लॅनचा तपशील उघडा, मग पाकीट.

डेटाचा हिशोब विसरू नका

अ‍ॅप स्वस्त पडलं पण डेटा महाग पडला, तर काय उपयोग? साध्या क्वालिटीत एका तासाला साधारण पाऊण ते एक जीबी जातो. फुल एचडीत दीड ते तीन जीबी.

अण्णांसारखं रोज दोन तास बघायचं म्हटलं तर महिन्याला ६० तास. साध्या क्वालिटीत धरलं तरी ४५ ते ६० जीबी. रोज दीड जीबीच्या रिचार्जवर हे बसवायचं म्हणजे दुपारी डेटा संपला आणि संध्याकाळी यूपीआयचा मेसेज लोड होईना, असं होणार. दुकानदाराला हे परवडत नाही. तेव्हा वायफाय असेल तर अ‍ॅप बिनधास्त घ्या. नसेल तर घरी वायफायवर डाउनलोड करून ठेवा, किंवा पुढचा पर्याय बघा.

पर्याय ३: डीटीएच घ्या, पण पॅक नाही, सुटी चॅनेल

ज्यांना चॅनेलच हवंय आणि इंटरनेटचा भरवसा नाही, त्यांच्यासाठी हा पर्याय. आपल्याला वाटतं डीटीएच म्हणजे तीनशे-चारशेचा पॅक. तसं नाही. ट्रायच्या नव्या व्यवस्थेत २०१९ पासून प्रत्येक पैसेवाल्या चॅनेलची सुटी किंमत जाहीर करावी लागते आणि ग्राहक हवं तेवढंच चॅनेल घेऊ शकतो. किराणा दुकानात अख्खं पोतं न घेता पावशेर घ्यावं तसं.

माहितीपटांच्या साध्या चॅनेलची सुटी किंमत बहुतेक एक आकडी असते. एचडीचं चॅनेल महाग. खरा खर्च असतो तो जोडणीचा, ज्याला एनसीएफ म्हणतात. आधी त्यावर २०० चॅनेलपर्यंत १३० रुपयांची मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादा काढली, त्यामुळे आता प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असू शकतो.

उदाहरणाने बघू. समजा एनसीएफ १३० रुपये आणि माहितीपटांची तीन चॅनेल मिळून १२ रुपये. झाले १४२. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर १६७ रुपये ५६ पैसे. वर्षाचे साधारण २,०११ रुपये. माझ्या ५,४०० च्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. फरक ३,३८९ रुपयांचा!

चॅनेलच्या किमती कुठे दिसतील? रिमोटवर ९९९ दाबा. तिथे चॅनेल आणि त्यांच्या किमतींची माहिती येते. फोनवरची व्यक्ती ‘सर, हा पॅक घ्या, यात सगळं आहे’ म्हणणारच, तिचं ते काम आहे. तुमचं काम आहे शांतपणे म्हणणं: “मला पॅक नको, सुटी चॅनेल हवीत. बिल कितीचं येईल ते करासकट सांगा.”

आणि तो चौथा ‘पर्याय’

तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल, “ताई, एक बॉक्स आहे, हजार रुपयांत जगातली सगळी चॅनेल.” किंवा टेलिग्रामवरची लिंक. हे चोरीचं प्रसारण आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ मध्ये अशा उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितलेला आहे. शिवाय ज्या फोनमध्ये तुमचं बँक अ‍ॅप आहे, त्यात अनोळखी अ‍ॅप टाकणं म्हणजे गल्ल्याची किल्ली रस्त्यावर ठेवणं. दोनशे रुपयांसाठी हा धोका घेऊ नका.

आता मुख्य मुद्दा: दुकानात लावायचं असेल तर?

मी अण्णांसाठी अ‍ॅप घेतलं आणि पहिल्याच दिवशी दुकानातल्या टीव्हीवर लावलं. अण्णा खूश, गिऱ्हाईक खूश. मग एकदा रात्री, दुसऱ्याच एका व्हिडिओच्या तयारीसाठी, मी अ‍ॅपच्या अटी वाचायला घेतल्या. तिथे साफ लिहिलेलं: फक्त वैयक्तिक, अव्यावसायिक वापरासाठी.

म्हणजे घरचं अ‍ॅप घरी. दुकानात गिऱ्हाइकांसमोर लावणं हा त्या कराराचा भंग. आणि तुम्ही म्हणाल, यूट्यूब तर फुकट आहे! यूट्यूबच्या अटींतही हेच आहे. वैयक्तिक वापर चालतो, सार्वजनिक ठिकाणी लोकांसमोर दाखवणं चालत नाही.

टीव्ही कनेक्शनचंही तसंच. ट्रायच्या नियमांत ‘व्यावसायिक ग्राहक’ अशी वेगळी व्याख्या आहे. आपल्या जागेत येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी, सभासदांसाठी जो प्रसारण वापरतो, तो व्यावसायिक ग्राहक. म्हणजे तुमचं सलून, तुमचा दवाखाना, तुमचं हॉटेल, माझं सायकलचं दुकान. घरच्या नावावरचा बॉक्स उचलून दुकानात आणणं इथे बसत नाही. आणि तिकीट लावून किंवा वेगळे पैसे घेऊन प्रसारण दाखवणं तर आणखी गंभीर. त्यावर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे प्रसारकाचा हक्क असतो.

मग करायचं काय? दोनच सरळ रस्ते आहेत.

एक: कनेक्शन घेतानाच कंपनीला सांगा की हे दुकानासाठी आहे. दुकानाच्या नावावर, दुकानाच्या पत्त्यावर घ्या, दर लेखी मागा आणि पावती फाइलला लावा. ती पावती उद्या हिशोबात व्यवसायाचा खर्च म्हणूनही दाखवता येते. घरच्या नावावरच्या बिलाला तुमचा सीए काय म्हणेल, ते विचारून बघा!

दोन: स्वतःचा कार्यक्रम दाखवा. मी हाच रस्ता घेतला.

आमच्याकडे शेवटी काय झालं

घरच्या ब्रॉडबँडमध्ये जे अ‍ॅप होतं ते अण्णांना घरच्या टीव्हीवर लावून दिलं. रिमोटवर एका बटणाला लाल टिकली चिकटवली, ‘हे दाबा की तुमचं जंगल’. त्यांना न सापडणारे कार्यक्रम मी रविवारी शोधून यादीत टाकून ठेवते. वेगळा खर्च शून्य.

पण मग ते दुकानात कशाला येतील? हा प्रश्न राहिलाच होता. एक दिवस ते चेन कशी साफ करायची हे एका पोराला समजावत होते. मी मोबाइलवर शूट केलं. चार मिनिटांचा व्हिडिओ झाला. मग ‘ब्रेक कसे तपासायचे’, ‘पावसाळ्यात सायकल कशी ठेवायची’, ‘मुलाच्या उंचीला कोणती सायकल’. असे अकरा व्हिडिओ झाले. पेनड्राइव्हवर टाकले आणि दुकानातल्या त्याच टीव्हीवर लावले. पाठीमागे गाणं नाही, फक्त अण्णांचा आवाज. गाणं लावलं की त्याचा परवाना वेगळा.

आता गिऱ्हाईक बसतं, व्हिडिओ बघतं आणि विचारतं, “ते चेनचं तेल तुमच्याकडे मिळतं का?” डिस्कव्हरी बघून मला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. आणि अण्णा दुपारी दोनला हजर असतात. विचारतात, “आज काय शूटिंग?”

जाता जाता: माहितीपट उद्योजकासारखा बघा

अण्णांबरोबर बघताना मला एक सवय लागली. ‘हाऊ इट्स मेड’सारखा कारखान्यांवरचा कार्यक्रम असो किंवा नॅशनल जिओग्राफिकने सुवर्णमंदिराच्या लंगरवर दाखवलेला ‘मेगा किचन’चा भाग, शेजारी वही ठेवायची आणि तीनच गोष्टी लिहायच्या. माल कुठे अडतो? वाया काय जातं? एकच काम दोनदा कोण करतंय? हेच तीन प्रश्न दुसऱ्या दिवशी स्वतःच्या दुकानाला विचारायचे. पापड करत असाल, टिफिन देत असाल, शिवणकाम करत असाल, हे प्रश्न सगळीकडे लागू पडतात.

थोडक्यात

- घरी वायफाय आहे आणि निवडून बघायचंय: आधी ब्रॉडबँडमधली मोफत अ‍ॅप तपासा, मग वर्षाचा प्लॅन.
- नेट कमी आहे आणि चॅनेलच हवंय: डीटीएचवर सुटी चॅनेल, ९९९ वर किंमत बघून.
- पैसे अजिबात घालवायचे नाहीत: यूट्यूबची अधिकृत चॅनेल, वेव्हज, फ्री डिश.
- दुकानात लावायचंय: व्यावसायिक कनेक्शन किंवा स्वतःचे व्हिडिओ. घरचं अ‍ॅप नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: दर महिन्याला आपोआप जाणारे सगळे खर्च एका कागदावर लिहा. प्रत्येकासमोर आकडा लिहा आणि त्याच्याही पुढे नाव लिहा, हा खर्च कोण वापरतं. आकडा मोठा आणि नावाची जागा रिकामी असेल, तर तो खर्च उद्याच बंद करा. जिथे नाव असेल, तिथे आधी त्या माणसाशी बोला. फोन नंतर करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, हिशोब ठेवा!